घड्याळं जुळवायची तर एनटीपी, पीटीपी की छतावर जीपीएस?

या वेळी घड्याळांवरचेच प्रश्न इतके आलेत की प्रिंटर आणि वायफायवाली मंडळी पुढच्या अंकापर्यंत थांबा. एनटीपी म्हणजे नेटवर्कवरून घड्याळ जुळवायची नेहमीची पद्धत आणि पीटीपी त्याच कामाची जास्त काटेकोर पद्धत, एवढं धरून वाचा. प्रश्न थोडे कापून घेतलेत, उत्तरं मात्र नेहमीप्रमाणे लांबलीत.

प्रश्न : आमची पतसंस्था आहे, सहा शाखा, चाळीसेक पीसी, मुख्य शाखेत विंडोज सर्व्हर आहे आणि सगळे पीसी डोमेनमध्ये आहेत. प्रत्येक शाखेत सीसीटीव्हीचा डीव्हीआर (फुटेज साठवणारी पेटी). काउंटरवरच्या एंट्रीची वेळ आणि कॅमेऱ्यातली वेळ जुळत नाही, एका शाखेत तर डीव्हीआर ४ मिनिटं पुढे आहे. हार्डवेअरवाला म्हणतो जीपीएस टाइम सर्व्हर घ्या, सॉफ्टवेअरवाला म्हणतो काही लागत नाही, विंडोजचं ऑटोमॅटिक चालू आहे. कोणाचं ऐकायचं? (एक वाचक, सांगली)

उत्तर : दोघांचंही ऐकू नका, आधी हे ठरवा की तुम्हाला वेळ किती बारीक हवीये. पैसे कोणी काढले हे कॅमेऱ्यात शोधायचं तर एंट्री आणि फुटेज एका सेकंदाच्या आत जुळलं तरी काम झालं. छतावर अँटेना लावून येणारी जीपीएसची वेळ मायक्रोसेकंदाच्या आतली असते हे खरं, पण ती मुख्य शाखेतून बाकीच्या पाच शाखांत जाणार त्याच ब्रॉडबँडवरून, म्हणजे पोचेपर्यंत ती मिलिसेकंदांवर आलेलीच असणार, मग तेवढे पैसे कशाला घालवायचे? इंटरनेट बंद पडलं तरी वेळ हलता कामा नये अशी अट असेल तर जीपीएसचा विचार करा, नाहीतर एनटीपी पुरून उरतं.

आता सॉफ्टवेअरवाल्याचं. तो अर्धा बरोबर आहे. डोमेनमधले पीसी डोमेन कंट्रोलरकडून (डोमेनचा कारभार बघणाऱ्या सर्व्हरकडून) वेळ आपोआप घेतात आणि डोमेन कंट्रोलर एकाहून जास्त असतील तर ते त्यांच्यातल्या पीडीसी एम्युलेटरकडे (वेळेच्या बाबतीत त्यांचा म्होरक्या, थोडक्यात पीडीसी) बघतात, पण तो पीडीसी कोणाकडे बघतो? त्याला बाहेरचा सोर्स कोणी सांगितलाच नसेल तर तो स्वतःच्या मदरबोर्डवरच्या घड्याळावर भरवसा ठेवून बसतो आणि मग चाळीसच्या चाळीस पीसी एकमेकांशी अगदी जुळलेले आणि सगळे सारखेच चुकलेले. साध्या क्वार्ट्झ क्रिस्टलचा फरक दहा लाखाला २० धरला तरी दिवसाला पावणेदोन सेकंद होतात, महिन्याला पाऊण मिनिटाच्या वर. तुमचा डीव्हीआर ४ मिनिटं पुढे आहे म्हणजे त्याला बरेच महिने कोणी हात लावलेला नाही, यात बिघाड वगैरे काही नाहीये. आणि एखादा पीसी डोमेनपासून ५ मिनिटांपेक्षा जास्त भरकटला की केर्बेरॉस (डोमेनची ओळख तपासणारी यंत्रणा) त्याला लॉगिनच करू देत नाही, तेव्हा मग सगळे पासवर्डवर संशय घेत बसतात.

करायचं एवढंच की पीडीसीला बाहेरचे चार सोर्स द्या, बाकी पीसींना हात लावू नका आणि डीव्हीआरच्या सेटिंगमध्ये एनटीपी सर्व्हर म्हणून पीडीसीचा पत्ता टाका. पण हाच क्रम ठेवा, आधी पीडीसी आणि मग डीव्हीआर, उलटं केलंत तर एकादशीच्या घरी शिवरात्र. फायरवॉलवर यूडीपीचा १२३ पोर्ट (एनटीपीची ये-जा तिथूनच होते) उघडा आहे का बघा, नव्वद टक्के तक्रारी तिथेच मिटतात असं म्हणायचा मोह होतो पण मोजलेलं नाही. सर्व्हर व्हर्च्युअल मशीन असेल तर होस्टकडून (ते ज्या यंत्रावर चालतं त्याच्याकडून) वेळ घ्यायची खूण काढून टाका, नाहीतर होस्ट एकीकडे ओढतो आणि एनटीपी दुसरीकडे. डीव्हीआरमध्ये टाइमझोन साडेपाच तास पुढे ठेवा आणि डेलाइट सेव्हिंग बंद, काही स्वस्त डीव्हीआरमध्ये ते आधीपासून चालू असतं. किती वेळाने वेळ विचारायची तो आकडाही तिथेच असतो, तो एका तासावर ठेवला तरी चालेल.

चारच सोर्स का? एकच घेतला तर तो खोटं बोलला तरी कळायचा मार्ग नाही, दोन घेतले आणि ते भांडले तर कोणाचं खरं मानायचं, तीन घेतले तर बहुमत मिळतं पण त्यातला एक बंद पडला की पुन्हा दोनावर आलात. हे काही पुस्तकी नाहीये. १९ नोव्हेंबर २०१२ ला अमेरिकेच्या नौदल वेधशाळेचे टिक आणि टॉक हे दोन नावाजलेले सर्व्हर काही काळ सरळ सन २००० सांगत होते आणि ज्यांनी डोळे झाकून तेवढ्यांवरच भरवसा ठेवला होता त्यांची डोमेनं बारा वर्षं मागे गेली, लॉगिनं बंद. ज्यांच्याकडे आणखी दोन-तीन सोर्स होते त्यांच्या एनटीपीने या दोघांना खोटारडे ठरवून बाजूला काढलं. फक्त एक लक्षात ठेवा, हे मत मोजायचं काम पूर्ण एनटीपी करतं, डीव्हीआरमध्ये असतं ते बहुतेक वेळा एसएनटीपी, म्हणजे पाकीट (नेटवर्कवरून जाणारा निरोप) तेच पण अक्कल कमी, तो एकाला विचारतो आणि मिळेल ते घड्याळात भरतो. म्हणून तर त्याला घरातल्याच सर्व्हरकडे वळवायचं, अक्कल तिथे असली की पुरे.

सोर्स निवडताना आपल्याकडे कायद्याचाही भाग आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश सांगतो की सर्व्हिस प्रोव्हायडर, डेटा सेंटर, बॉडी कॉर्पोरेट (कंपन्या वगैरे), सरकारी कार्यालयं या सगळ्यांनी एनआयसी (सरकारचं माहिती-तंत्रज्ञान केंद्र) किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या (एनपीएलच्या) एनटीपी सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरशी, घड्याळं जुळवावीत, लॉगही १८० दिवस ठेवावेत. पतसंस्थेला यातलं किती लागू होतं ते ऑडिटरला विचारा, पण एनआयसीचे समय-१ आणि समय-२, एनपीएलचा एक आणि चौथा एनटीपी पूलच्या (स्वयंसेवकांनी चालवलेल्या सर्व्हरच्या समूहाच्या) भारतातल्या यादीतला असं घेतलंत तर वादच राहत नाही.

अजून एक, आणि हे नीट वाचा. ४ मिनिटं पुढे असलेलं घड्याळ मागे आणताना ते उडी मारतं, म्हणजे १२:०४ ची एंट्री झाल्यावर पुन्हा १२:०० वाजतात. डीव्हीआरवर त्या चार मिनिटांचं फुटेज एकावर एक येतं, कुठल्या तारखेला आणि किती वाजता बदल केला ते रजिस्टरला लिहून सही घ्या, उद्या पोलिसांनी फुटेज मागितलं तर तोच कागद दाखवाल. सर्व्हरचं घड्याळ मात्र डे-एंड झाल्यावर, सॉफ्टवेअर बंद करून मगच मागे घ्या. लिनक्सवर जुना एनटीपीडी (एनटीपी चालवणारा प्रोग्राम) १२८ मिलिसेकंदांपर्यंतचा फरक हळूहळू जिरवतो, त्याच्या वर उडी मारतो आणि १,००० सेकंदांच्या वर फरक असला तर हात वर करून बंदच पडतो. हळूहळू म्हणजे किती हळू, तर जास्तीत जास्त दहा लाखाला ५०० या वेगाने, एक सेकंद जिरवायला २,००० सेकंद, अर्ध्या तासापेक्षा जास्त. ४ मिनिटं त्या वेगाने जिरवायची म्हटली तर साडेपाच दिवस लागतील.

प्रश्न : मी हौस म्हणून चंद्राआड तारे जातात त्या पिधानाच्या वेळा नोंदवतो. लॅपटॉपवर क्रोनी (एनटीपीने घड्याळ जुळवणारं सॉफ्टवेअर) आहे, ते म्हणतं फरक अर्ध्या मिलिसेकंदाचा. पण रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला पीपीएसवाला (दर सेकंदाला ठोका देणारा) जीपीएस लावून तपासलं तर २० मिलिसेकंदांचा फरक निघतो. क्रोनी खोटं बोलतंय का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : या महिन्यातला सगळ्यात भारी प्रश्न. क्रोनी खोटं बोलत नाहीये, त्याला कळायचा मार्गच नाहीये.

एनटीपीचं गणित चार वेळांवर चालतं. समजा तुमचा लॅपटॉप त्याच्या घड्याळात शून्य मिलिसेकंद असताना पाकीट पाठवतो, सर्व्हरला ते सर्व्हरच्या घड्याळात १३० ला मिळतं, तो १३१ ला उत्तर सोडतो आणि तुमच्या घड्याळात ६१ वाजता ते परत येतं. जाऊन येऊन ६१ लागले, त्यातला १ सर्व्हरने खाल्ला, म्हणजे प्रवास ६०. आता एनटीपी धरून चालतं की जायला ३० आणि यायला ३०, तेव्हा सर्व्हरने पाकीट घेतलं तेव्हा तुमच्याकडे ३० वाजले असणार, त्याच्याकडे १३० होते, सबब तुम्ही १०० मागे. झकास.

पण तुमची लाइन जर अशी असेल की अपलोडला ५० लागतात आणि डाउनलोडला १०, तर? जाताना ५०, सर्व्हरला मिळालं १३० ला, म्हणजे तुम्ही मागे होतात ८०. उत्तर निघालं १३१ ला, तेव्हा तुमच्याकडे ५१, त्यात १० मिळवा, ६१. बघा, तेच चारही आकडे! ०, १३०, १३१, ६१. एकाच चार आकड्यांतून १०० पण खरं आणि ८० पण खरं, आणि त्यातलं कुठलं हे पाकिटांवरून सांगणं अशक्य. जाण्या-येण्याच्या वेळेतला जो फरक (इथे ४०) त्याच्या निम्मी चूक घड्याळात बसते, कितीही वेळा विचारा, सरासरी काढा, ती जात नाही कारण ती दर वेळी एकाच बाजूला असते. तुमचे २० तिथूनच आलेत असं मला वाटतं, घरगुती आणि मोबाईल लाइनवर अपलोड आणि डाउनलोडचं हे असंच असतं.

त्यातल्या त्यात समाधान एवढं की चूक एकूण प्रवासाच्या निम्म्याहून जास्त होऊ शकत नाही, ६० ला ३०. म्हणून लांबच्या भारी सर्व्हरपेक्षा जवळचा साधा सर्व्हर बरा, आणि म्हणूनच क्रोनीच्या ट्रॅकिंगमध्ये 'सिस्टीम टाइम'चा आकडा बघून खूश होऊ नका, रूट डिले (मूळ घड्याळापर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) आणि रूट डिस्पर्शन (वाटेत साचलेली अनिश्चितता) बघा. डिलेचा निम्मा अधिक डिस्पर्शन, ही खरी हमी. ते अर्धा मिलिसेकंद म्हणजे क्रोनीचा स्वतःच्या अंदाजाशी किती मेळ आहे तेवढंच.

पीपीएस आहे म्हणून मी जीपीएसच्या बाजूने बोलतोय हं. नुसता यूएसबीवरचा जीपीएस असता तर उलटं म्हणालो असतो, कारण त्यात वेळ येते ती मजकुराच्या ओळीतून आणि ती ओळ यायलाच शेकडो मिलिसेकंद उशीर होऊ शकतो, तोही दर वेळी वेगळा. सेकंदाच्या ठोक्याची जी वेगळी तार असते ती पिनला जोडली तरच जीपीएसला अर्थ. तुम्ही आता रास्पबेरी पायलाच घरातला सर्व्हर करा आणि लॅपटॉप त्याला इथरनेट केबलने जोडा, वायफायने नको. माळरानावर रास्पबेरी पाय नेता येत नसेल तर क्रोनीमध्ये सर्व्हरच्या ओळीत ऑफसेट देऊन ठराविक चूक वजा करता येते, पण लाइन बदलली की तो आकडा बाद.

प्रश्न : चाकणच्या कारखान्यात ऑटोमेशनला आहे. व्हेंडर म्हणतो नवीन लाइनला एनटीपी चालणार नाही, पीटीपीच लागेल, त्यासाठी सगळे स्विच बदला. गरज आहे की सेल्समनगिरी? (एक वाचक, पुणे)

उत्तर : लाइनवर काय आहे त्यावर. पीएलसीचे (यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरचे) अलार्म आणि स्काडाचे (कारखान्यावर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचे) लॉग क्रमाने लागावेत एवढंच हवं असेल तर एनटीपी लॅनवर मिलिसेकंदाच्या आत सहज राहतं आणि स्विच बदलायची काही गरज नाही. पण दोन-चार सर्व्हो ड्राइव्ह (अचूक फिरणाऱ्या मोटरी) एकमेकांशी ताल धरून फिरणार असतील तर व्हेंडर बरोबर आहे. वीज उपकेंद्रांचंही तेच, आपल्या ५० हर्ट्झच्या ग्रिडवर घड्याळात १ मिलिसेकंदाची चूक म्हणजे फेजमध्ये १८ अंशांची चूक, तिथे मायक्रोसेकंदाचीच भाषा चालते.

आता लोकांना वाटतं पीटीपीचं गणितच काही वेगळं असेल. नाही हो! आयईईई १५८८ म्हणून २००२ मध्ये आलं, २००८ आणि २०१९ मध्ये सुधारलं, आणि त्यातही चार वेळा घेऊन जाणं-येणं सारखं धरून निम्मं करतात, वर रत्नागिरीच्या उत्तरात आहे तेच. फरक पडतो तो वेळेचा शिक्का कुठे मारला त्यात. साध्या एनटीपीत शिक्का सॉफ्टवेअर मारतं, तोवर पाकीट ऑपरेटिंग सिस्टीमच्या रांगेत कुठे किती थांबलं देव जाणे, पीटीपीत नेटवर्क कार्डचं हार्डवेअर शिक्का मारतं, पाकीट तारेवर जाताना. आणि मधला स्विच ट्रान्सपरंट क्लॉक असेल तर तो 'हे पाकीट माझ्याकडे इतके नॅनोसेकंद थांबलं' असं त्यावरच लिहून देतो, बाउंड्री क्लॉक असेल तर स्वतःच वेळ घेऊन पुढे वाटतो. मायक्रोसेकंदाच्या आत येतं ते यामुळे. जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये याच पीटीपीवर व्हाइट रॅबिट उभं केलंय, ते तर एका नॅनोसेकंदाच्या आत आहे, फायबरवर.

म्हणजे व्हेंडरचं 'स्विच बदला' हे प्रामाणिक आहे. बेइमानी ती, जेव्हा कोणी जुन्या स्विचवरच नुसतं पीटीपीचं सॉफ्टवेअर टाकून देतो आणि वेगळं बिल लावतो, कारण तेव्हा मिळतं ते एनटीपीच्याच तोडीचं. लिनक्स मशीन असेल तर इथटूल या कमांडला कॅपिटल टी देऊन कार्ड हार्डवेअर टाइमस्टॅम्प करतं का विचारा, एका मिनिटाचं काम. आणि तसं कार्ड असेल तर क्रोनीसुद्धा तो हार्डवेअर शिक्का वापरतं, एनटीपीवरच. फेसबुकने २०२० मध्ये लिहिलं होतं की त्यांच्याकडे एनटीपीडी काढून क्रोनी आणल्यावर अचूकता १० मिलिसेकंदांवरून १०० मायक्रोसेकंदांवर गेली, प्रोटोकॉल न बदलता. ही मधली पायरी व्हेंडर सांगत नाहीत कारण त्यात विकायला काही नसतं.

घेतलंत तर एक टीप. पीटीपी आणल्यावर घड्याळं बरोबर ३७ सेकंद पुढे दिसली तर घाबरू नका, ग्रँडमास्टर (पीटीपीचं मुख्य घड्याळ) टीएआय म्हणजे अणुघड्याळांची वेळ देतोय आणि तुमच्या मशीनने लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ ठेवायला अधूनमधून घातलेले जादा सेकंद) वजा केलेले नाहीत. १८ सेकंद पुढे असेल तर जीपीएसची वेळ तशीच आलीये. साडेपाच तास असेल तर... ते तुम्हाला कळेलच.

प्रश्न : बीईला आहे. पुस्तकात घड्याळं जुळवायच्या क्रिस्टियन, बर्कली आणि लॅम्पोर्ट या पद्धती आहेत, प्रत्यक्षात सगळे एनटीपी वापरतात. मग हे शिकायचं कशाला? व्हायव्हात काय सांगू? (एक विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर : क्रिस्टियनची पद्धत १९८९ ची, एका सर्व्हरला विचारायचं आणि लागलेल्या वेळेच्या निम्मा मिळवायचा, एनटीपीचं बी त्यात दिसतं. पण कालक्रमाने एनटीपी आधीचं बरं का, पुढे डेलावेअर विद्यापीठात गेलेल्या डेव्हिड मिल्स यांचा आरएफसी ९५८ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धती मांडणारा दस्तऐवज) सप्टेंबर १९८५ चा आहे, हे सांगितलंस तर परीक्षक जागे होतील. बर्कलीत मुळात कोणाकडेच खरी वेळ आहे असं धरलेलं नाही, एक मास्टर सगळ्यांना विचारतो, अगदी विक्षिप्त उत्तरं टाकून सरासरी काढतो आणि प्रत्येकाला 'तू इतकं पुढे-मागे हो' एवढंच कळवतो, खुद्द वेळ पाठवत नाही. ज्या बंद नेटवर्कला बाहेरच्या जगाशी देणंघेणं नाही तिथे हे आजही पटतं. लॅम्पोर्टचं १९७८ चं काम वेगळ्या जातीचं, तिथे किती वाजले हा प्रश्नच नाही, कोण आधी आणि कोण नंतर एवढाच आहे. एनटीपीने वर काय घातलं ते सांग, शेवटच्या आठ नमुन्यांतला सगळ्यात कमी डिलेचा निवडणं आणि मार्झुलो या संशोधकाच्या कल्पनेवरून घेतलेली खोटारडे शोधायची पद्धत. आणि लॅबमधल्या लिनक्स मशीनवर एनटीपीक्यू या कमांडला पी देऊन बघच एकदा, रीचच्या रकान्यात ३७७ दिसलं तर शेवटच्या आठही वेळा उत्तर आलंय, तो आकडा ऑक्टल (आठच्या पायावरचा) आहे.

प्रश्न : डब्लिनला क्लाउडवर काम करतो. आमचे काही सर्व्हर अ‍ॅमेझॉनवर, काही ऑफिसात. लीप सेकंदाची काळजी अजून करायची का? (एक वाचक, आयर्लंड)

उत्तर : शेवटचा लीप सेकंद २०१६ च्या ३१ डिसेंबरला झाला, आपल्याकडे १ जानेवारीच्या पहाटे ५ वाजून २९ मिनिटं ६० सेकंद असा. २०२२ मध्ये वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवलंय की २०३५ पर्यंत हा प्रकार थांबवायचा. पण तोवर झालाच तर, अ‍ॅमेझॉन आणि गूगलचे सर्व्हर तो एक सेकंद २४ तासांत पसरून देतात आणि एनपीएल किंवा पूलवाले एकदम देतात, म्हणजे त्या दिवशी दोघांत अर्ध्या सेकंदापर्यंत फरक राहणार. दोन्ही जाती एकाच मशीनच्या यादीत ठेवू नका, एवढंच आत्ता तपासा. अ‍ॅमेझॉनवरच्यांना अ‍ॅमेझॉनचाच द्या.

प्रश्न : रास्पबेरी पाय लाइट जाऊन आली की जुनीच तारीख दाखवतो आणि मग इंटरनेट असूनही काही सुरक्षित साइट उघडत नाहीत. (एक वाचक, कणकवली)

उत्तर : पाय ४ पर्यंत त्यात बॅटरीवरचं घड्याळच नाही, पाय ५ मध्ये आहे पण बॅटरी वेगळी लावावी लागते. जुनी तारीख असली की साइटचं सर्टिफिकेट (तिचं मुदतीचं ओळखपत्र) 'अजून सुरूच झालेलं नाही' असं ठरतं, म्हणून साइट अडतात. तुम्ही एनटीएस चालू केलंय का? ते एनटीपीचं सुरक्षित रूप, आरएफसी ८९१५, २०२० चं, चांगलंच आहे पण तेही सर्टिफिकेटवरच चालतं, त्यामुळे वेळ नाही म्हणून सर्टिफिकेट नाही आणि सर्टिफिकेट नाही म्हणून वेळ नाही अशी गाडी अडते. डीएस ३२३१ चं (बॅटरीवरच्या घड्याळाचं) छोटं मॉड्यूल बसवा किंवा एक साधा एनटीपी सर्व्हर यादीत ठेवा आणि क्रोनीत मेकस्टेप १ आणि ३ अशी ओळ टाका, म्हणजे चालू झाल्यावर पहिल्या तीन दुरुस्त्यांतच काय ती उडी मारेल, नंतर नाही.